स्वतःच्या गाण्याचा धनी : कर्टिस मेफील्ड

शोषितांच्या चळवळींचा इतिहास लिहिताना आपण सभा, ठराव, सत्याग्रह आणि तुरुंगवास यांची नोंद काटेकोरपणे करतो. गाण्याचा उल्लेख बहुधा एखाद्या परिच्छेदापुरता येतो. गाण्यांनी माणसे जागी झाली, एवढे म्हणून आपण पुढे सरकतो. ते गाणे कोणी रचले, कोणी वाजवले, त्याची तबकडी कोणाच्या कारखान्यात निघाली आणि ती विकल्यावर पैसा कोणाच्या खात्यात गेला, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. गाणे ही भावनेची बाब आणि हिशेब ही व्यवहाराची बाब, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवलेली आहे. ही वाटणी ज्यांच्या सोयीची आहे ते लोक गाणाऱ्यांपैकी कधीच नव्हते.

आपल्या गावगाड्याने हे फार पूर्वी सिद्ध केले आहे. लग्नात, जत्रेत, पालखीपुढे वाजवणारा माणूस बहुधा मांगवाड्यातला वा महारवाड्यातला. त्याची हलगी, त्याची सनई नसेल तर गावाचा कोणताही मंगल प्रसंग पार पडत नसे. परंतु ते वाजवणे ही त्याची कला मानली गेली नाही; ते त्याचे जातीने नेमून दिलेले काम होते आणि त्याचा मोबदला म्हणजे बलुते, तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले, त्यामागचे दुखणे हेच होते. ज्याला हक्क म्हणून मिरवले जाते, तो हक्क माणसाला बांधून ठेवणारी दावण असू शकतो. हे ध्यानात ठेवून मी एका अमेरिकन काळ्या गायकाचे चरित्र मांडणार आहे. त्याचे नाव कर्टिस मेफील्ड. तो गीतकार होता, संगीतकार होता, गायक होता, गिटारवादक होता. आणि ऐन तारुण्यात स्वतःच्या गाण्यांचा कायदेशीर मालक झालेला निर्माता होता. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

अमेरिकेत काळ्यांच्या संगीताचा धंदा कसा चालत असे, ते आधी पाहू. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने १९१२ साली आपल्या ‘मेम्फिस ब्लूज’ या रचनेचे हक्क अवघ्या ५० डॉलरना विकले. रचना देशभर गाजली, कमाई विकत घेणाऱ्याची झाली. शहाणा होऊन हँडीने पुढे हॅरी पेस या सहकाऱ्याबरोबर स्वतःची प्रकाशन संस्था काढली. याच पेसने १९२१ साली ‘ब्लॅक स्वान’ ही काळ्यांच्या मालकीची ध्वनिमुद्रिका कंपनी सुरू केली. तिच्या संचालकांत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस होते. बाबासाहेबांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिले तेच हे द्यू बॉइस. कंपनी तीन वर्षेही तग धरू शकली नाही. पुढे १९५५ साली शिकागोच्या चेस कंपनीने चक बेरीचे ‘मेबलीन’ हे गाणे काढले, तेव्हा तबकडीवर गीतकार म्हणून आणखी दोन नावे छापली गेली. त्यांतला एक रेडिओवर गाणी लावणारा नामांकित निवेदक अॅलन फ्रीड होता. त्याचे नाव काढून टाकायला १९८६ साल उजाडावे लागले.

यामागचे गणित साधे होते. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याप्रमाणे एका गाण्याच्या प्रत्येक तबकडीमागे रचनेच्या हक्कापोटी दोन सेंट द्यावे लागत. हा दर १९७८ पर्यंत तसाच राहिला. रिवाज असा की त्यांतला एक सेंट गीतकार-संगीतकाराचा आणि एक सेंट प्रकाशकाचा. म्हणजे गाण्याच्या दहा लाख प्रती खपल्या तर २०,००० डॉलर जमत आणि त्यांतले १०,००० प्रकाशक घेई. हा प्रकाशक म्हणजे बहुधा कंपनीच्याच मालकाची दुसरी पाटी. गाणाऱ्याचा वाटा याहून वेगळा असे. तो ध्वनिमुद्रणाचा खर्च आणि दिलेली उचल वळती झाल्यावर सुरू होई, आणि ती कधी वळती झाली हे कंपनीची वहीच सांगे. ज्यांच्या घरात सावकाराची वही पाहिलेली आहे त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

या जगात ३ जून १९४२ रोजी शिकागो शहरात कर्टिस मेफील्डचा जन्म झाला. तो पाच वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. आई मॅरियनने पाच मुलांना हलाखीत वाढवले. आजी ‘ट्रॅव्हलिंग सोल्स स्पिरिच्युअलिस्ट चर्च’ या छोट्या प्रार्थनास्थळात प्रवचन करी. तिथेच त्याच्या कानावर भक्तिगीते पडली आणि तिथेच जेरी बटलर हा थोडा मोठा मित्र भेटला. पुढे हे कुटुंब काब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत राहायला गेले. गरीब काळ्यांची वस्ती म्हणून ती देशभर बदनाम झाली आणि तिच्यातली शेवटची उंच इमारत २०११ साली पाडण्यात आली. दक्षिणेच्या मळ्यांतून आणि वंशभेदातून सुटण्यासाठी १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख काळे लोक उत्तरेकडच्या व पश्चिमेकडच्या शहरांत आले. शिकागोने त्यांना काम दिले. राहायला मात्र वेगळे वाडे दिले. गाव सोडून मुंबईला आलेल्या आपल्या माणसांना गिरणीतही साचेखाते बंद होते, हे आठवले म्हणजे या शहराचा स्वभाव कळतो.

गिटार तो स्वतःच शिकला. शिकवायला कोणी नव्हते, म्हणून त्याने पियानोच्या काळ्या पट्ट्यांवरचे सूर घेतले आणि गिटारच्या तारा त्यांवर जुळवल्या. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर काळी तीन, काळी पाच आणि काळी एक. गिटार अशी जुळवत नाहीत, हे त्याला ठाऊक नव्हते. आणि कळल्यावरही त्याने ती बदलली नाही. आयुष्यभर तो याच जुळणीवर वाजवीत राहिला. ज्याला शाळेची वाट बंद होती त्याने स्वतःचा मार्ग काढला आणि तोच पुढे त्याचा ठसा झाला.

हायस्कूल अर्धवट सोडून तो बटलर आणि टेनेसीहून आलेले आणखी तिघे यांच्या गटात सामील झाला. ‘द इम्प्रेशन्स’ हे त्या गटाचे नाव. १९५८ साली ‘फॉर युअर प्रेशस लव्ह’ हे त्यांचे पहिले मोठे गाणे व्ही-जे कंपनीने काढले. ही कंपनी काळ्या दांपत्याच्या मालकीची होती. तरीही तबकडी हातात आली तेव्हा तिच्यावर छापलेले होते, ‘जेरी बटलर अँड द इम्प्रेशन्स’. गटाला न विचारता एकाचे नाव पुढे आणि बाकीच्यांचे मागे गेले. मने दुखावली आणि बटलर लवकरच वेगळा झाला. मालक आपल्या रंगाचा आहे एवढ्याने व्यवहार न्याय्य होतो असे नाही, हा धडा सोळा वर्षांच्या मेफील्डला पहिल्याच गाण्यात मिळाला असणार.

पुढची दोन वर्षे त्याने बटलरच्या साथीला गिटार वाजवली, त्याच्यासाठी गाणी केली, पैसे साठवले. आणि १९६० च्या सुमारास, विशी गाठण्यापूर्वीच, एडी थॉमस या सहकाऱ्याला घेऊन त्याने ‘कर्टम’ ही स्वतःची प्रकाशन संस्था उभी केली. कर्टिस आणि थॉमस या दोन नावांतून हे नाव झाले. पुनर्घटित इम्प्रेशन्सने १९६१ पासून एबीसी-पॅरामाउंट या बड्या कंपनीसाठी तबकड्या काढल्या. पण गाण्याच्या रचनेचे हक्क कर्टमकडे राहिले. प्रकाशकाचा जो सेंट दुसऱ्याच्या खिशात जायचा तो आता काब्रिनी-ग्रीनच्या पोराच्या खात्यात येऊ लागला. माणसाने स्वतःची जितकी मालकी स्वतःकडे ठेवता येईल तितकी ठेवावी, असे तो पुढे सांगत असे. ज्यांच्या पणजोबांची मालकी दुसऱ्याच्या दप्तरी नोंदलेली होती त्यांच्या तोंडी हे वाक्य वेगळ्याच वजनाचे होते.

मी अमेरिकन नागरी हक्कांची चळवळ वर्गात शिकवतो. पाठ्यपुस्तकांत १९६३ चा वॉशिंग्टन मोर्चा असतो, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण असते. मोर्चेकऱ्यांच्या ओठांवर काय होते ते नसते. मेफील्डची ‘कीप ऑन पुशिंग’ (१९६४) आणि ‘पीपल गेट रेडी’ (१९६५) ही गाणी त्या ओठांवर होती. त्यांची घडण चर्चमधल्या भक्तिगीताची आहे. प्रवास, गाडी, मुक्तीचा मुक्काम ही जुनी प्रतीके त्याने घेतली आणि ऐकणाऱ्याला कळावे अशा बेताने त्यांत आजचा अर्थ भरला. आपल्याकडे सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी तमाशाचा गण आणि गवळण घेऊन असेच केले. जुने भांडे आणि नवे पाणी, असे याला म्हणता येईल.

१९६७ अखेरच्या ‘वुइ आर अ विनर’ या गाण्यात मात्र आडपडदा नव्हता. काही रेडिओ केंद्रांनी ते लावायचे नाकारले. तरीही ते काळ्यांच्या संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. एप्रिल १९६८ मध्ये किंग यांची हत्या झाली, शिकागोचा पश्चिम भाग पेटला. त्याच वर्षी एबीसीचा करार संपवून मेफील्ड आणि थॉमस यांनी ‘कर्टम रेकॉर्ड्स’ ही ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. रचनेचा हक्क हाती होताच. आता मूळ ध्वनिमुद्रणाचीही मालकी आली. कंपनीचा पहिलाच मोठा संच ‘धिस इज माय कंट्री’. आमच्या घामाने आणि रक्ताने हा देश उभा राहिला, म्हणून तो आमचा, हा त्याचा दावा. १९३१ साली मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना मला मातृभूमी नाही असे सुनावले होते. मला या दोन्ही उद्गारांत अंतर दिसत नाही. एकाने मालकी नाकारली गेल्याचे सांगितले, दुसऱ्याने ती मागितली.

शिकागोतच ४ डिसेंबर १९६९ रोजी ब्लॅक पँथरचा एकवीस वर्षांचा नेता फ्रेड हॅम्प्टन पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. ज्या संघटनेच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिचा हा शिकागोचा माणूस. आपण पँथरचे नाव घेतले, तिचे जाहीरनामे वाचले. त्याच शहरात त्याच वर्षांत चाललेला मालकीचा हा दुसरा लढा मात्र आपल्यापर्यंत आला नाही.

१९७० साली मेफील्ड गटातून बाहेर पडून एकटा गाऊ लागला. १९७२ साली ‘सुपर फ्लाय’ हा चित्रपट आला. नायक कोकेन विकणारा काळा तरुण, अंगावर भारी कपडे, दाराशी भारी मोटार. अशा चित्रपटांविरुद्ध काळ्यांच्या संघटनांनी त्या वर्षी आघाडी उघडली होती. मेफील्डने याच चित्रपटाला संगीत दिले. पण चित्रीकरण पाहिल्यावर ही कोकेनची जाहिरातच आहे असे त्याला वाटले, आणि त्याने गाण्यांतून पडद्याला उलट उत्तर दिले. पडद्यावर ज्याचा रुबाब दिसतो त्याच्या धंद्यात मरणाऱ्या फ्रेडी नावाच्या क्षुल्लक माणसावर त्याने गाणे केले. चित्रपटात त्याची नुसती धून वाजते, शब्द ऐकू येत नाहीत. म्हणून ते ऑस्करच्या स्पर्धेतही बसले नाही. पण तबकडी चित्रपटाआधीच बाजारात आली होती आणि ती सर्व वर्णांच्या एकत्रित यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. चित्रपटाहून संगीताने अधिक कमावले, असे हे विरळ उदाहरण. हे शक्य झाले कारण गाणी कर्टमची होती. पगारी संगीतकाराला निर्मात्याच्या कथेवर अशी टीका करता आली असती का? मालकी ही नुसती पैशाची गोष्ट नाही. नको ते न बोलण्याची आणि हवे ते बोलण्याची सोय तिच्यातूनच येते.

याच वर्षी, मे १९७२ मध्ये, कोलंबिया या बलाढ्य कंपनीसाठी हार्वर्डमध्ये एक अहवाल तयार झाला. काळ्यांच्या संगीताची बाजारपेठ मोठी आहे, तीत कसे शिरावे, हा त्याचा विषय. इथे स्वतंत्र म्हणवणाऱ्या कंपन्यांची दुखरी जागा दिसते. गाणे तुमचे, ध्वनिमुद्रण तुमचे, पण तबकडी हजारो दुकानांत पोचवणारी यंत्रणा दुसऱ्याची. कर्टमचे वितरण आधी बुद्धा कंपनीकडे, १९७५ पासून वॉर्नरकडे, शेवटी आरएसओकडे होते. विहीर आपली, पण मोट दुसऱ्याची. मेम्फिसची स्टॅक्स कंपनी १९७५ साली दिवाळखोरीत गेली; कर्टम १९८० साली बंद पडली. मोटाउन टिकली, पण तीही १९८८ साली ६ कोटी १० लाख डॉलरना विकली गेली.

मेफील्डचे चित्र फक्त उजळ रंगात रंगवणे मला बरोबर वाटत नाही. त्याच्या मुलाने २०१६ साली लिहिलेल्या चरित्रात सारी सूत्रे स्वतःच्या मुठीत ठेवणारा बाप दिसतो. एडी थॉमस काही वर्षांतच बाहेर पडला. सर्वांत बोचणारी गोष्ट जॉनी पेटची. पेट हा त्याचा अनेक वर्षांचा संगीत संयोजक. तंतुवाद्ये, पितळी वाद्ये यांचा मेळ तोच लिहून काढी. ‘सुपर फ्लाय’मधल्या दोन निव्वळ वाद्यरचना आपल्या आहेत, असे त्याचे म्हणणे होते. छापील श्रेय मेफील्डचे. दोघांचे यावरून बिनसले. तबकडीवर मित्राचे नाव पुढे गेल्याचे ज्याने सोळाव्या वर्षी पाहिले, त्याच्याच तबकडीवर चौदा वर्षांनी दुसऱ्याचे नाव नव्हते. मालकी शोषिताच्या हाती आली की शोषण आपोआप संपते, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हे प्रकरण वाचावे.

१३ ऑगस्ट १९९० रोजी ब्रुकलिनमध्ये उघड्या मैदानावर कार्यक्रम होता. मेफील्ड मंचावर आला आणि वादळी वाऱ्याने दिव्यांचा सांगाडा त्याच्या अंगावर कोसळला. मानेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. त्या वेळी तो ४८ वर्षांचा होता. गिटार संपली. परंतु पुढच्याच वर्षी, १९९१ च्या डिसेंबरात, अमेरिकन न्यायालयाने एका खटल्यात निर्णय दिला की जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा नव्या गाण्यात वापरायचा तर मालकाची परवानगी घ्यावी लागेल. रॅप गाणारी तरुण पिढी मेफील्डच्या गाण्यांचे तुकडे उचलत होतीच. हात निकामी झालेल्या माणसाची तीस वर्षांपूर्वीची मजुरी अजून कमावत राहिली, कारण कागद त्याच्या नावाचा होता. जमैकाच्या बॉब मार्लेने तरुणपणी ‘पीपल गेट रेडी’चा अंश आपल्या ‘वन लव्ह’ या गाण्यात घेतला होता. १९७७ साली ते नव्याने निघाले तेव्हा तबकडीवर मार्लेच्या जोडीने मेफील्डचेही नाव आले.

१९९६ साली त्याने ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ हा शेवटचा संच केला. बसून गायला छातीत दम पुरत नसे, म्हणून तो पाठीवर झोपून एकेक ओळ गायला आणि त्या ओळी मागाहून जोडल्या गेल्या. २६ डिसेंबर १९९९ रोजी तो वारला.

आपल्याकडे या प्रश्नाची स्थिती काय आहे? चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माता, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा लिहून घेता येणार नाही, अशी दुरुस्ती व्हायला २०१२ साल यावे लागले. मधल्या काळात कॅसेट आली आणि भीमगीतांचा मोठा बाजार झाला. वस्तीवस्तीत जयंतीला वाजलेल्या त्या गाण्यांपैकी किती गाण्यांचे कागद ती रचणाऱ्यांच्या नावावर आहेत? चळवळीचे गाणे सर्वांचे, असे आपण अभिमानाने म्हणतो आणि ते खरेही आहे. मात्र ‘सर्वांचे’ या शब्दाच्या आडून ते कोणा एका कंपनीचे झाले तर ते आपल्या लक्षातही येत नाही.

आपल्या कवींना हे कळत नव्हते असे मी मानीत नाही. चोखोबांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफले, म्हणून सात शतकांनंतरही ते अभंग चोखोबांचे आहेत. वामनदादा कर्डकांनीही कडव्यात ‘वामन’ ठेवला. ज्याच्याकडे कागद नाही, वकील नाही, त्याने शोधलेली ही नोंदणी आहे. गाणे कोणी पळवले तरी नाव त्याच्या पोटात राहते. या नाममुद्रेने श्रेय राखले. भाकरीची सोय मात्र तिला करता आली नाही. म्हातारपणी आजारी पडलेल्या शाहिरासाठी वर्गणी काढण्याची पाळी येते ती त्यामुळेच.

मेफील्डचे अनुकरण करून प्रत्येक शाहिराने कंपनी काढावी, असे मी सुचवीत नाही. पण चळवळीच्या मंडळांनी, जयंती समित्यांनी, गाणी काढणाऱ्या आपल्याच माणसांनी एवढे तरी करावे : प्रत्येक गाण्याचा लेखी करार करावा, त्याची एक प्रत रचणाऱ्याच्या घरी द्यावी, आणि त्या कागदावर गाणाऱ्याखाली ढोलकीवाल्याचे, पेटीवाल्याचे, कोरसमध्ये उभ्या असलेल्या बायकांचेही नाव लिहावे. जॉनी पेटचे नाव राहून गेले तसे यांतले एकही नाव राहू नये.